नायकाची उंची

नायिकेचं काम मिळालं म्हणून एखादी नटी रडवेली झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? आमच्या नाटकमंडळीत तेही झालं.

तालमीच्या दालनात सगळ्याजणी गुडघे मुडपून ओळीनं बसल्या होत्या आणि आमच्या दिग्दर्शिका अराई-सेन्सेई पात्रयोजना वाचून दाखवत होत्या. "लेफ्टनंट मार्को, इत्सू." मंडळीत येऊन पाचवं वर्ष चाललेली इत्सू स्वतःचं नाव ऐकून मागे वळून बघायला लागली, की या नावाची दुसरी कोण आली. "जहाजमालकीण कार्लोत्ता, तोमा." यावर कुणी वळून बघितलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण तोमाच्या तोंडाकडे बघायची कुणाची छाती होईना.

आमच्या रंगमंचावर पुरुष औषधालाही नाही. राजे, दरोडेखोर, आजोबा, सगळी बायकांचीच कामं. मंडळीच्या शाळेतून बाहेर पडतानाच ठरतं, कोण पुरुषपार्टी आणि कोण स्त्रीपार्टी, आणि मग जन्मभर, म्हणजे मंडळीतल्या जन्मभर, तीच वाट धरायची. तोमा पुरुषपार्टी. सात वर्षं तिनं केस कानावर आखूड राखले, पँटच्या खिशात हात घालून चालली, जिन्यावरून उतरताना पायाकडे बघितलं नाही. नदीकाठच्या रस्त्यावरून ती सकाळी थिएटरला यायची तेव्हा शाळकरी पोरी कोपरानं एकमेकींना ढोसायच्या. सगळं होतं बाईकडे, एक उंची तेवढी नव्हती. चार बोटं कमी पडली. बुटात ती आतून जाड पट्ट्या घालायची, आणि वर पुन्हा टाच असायची, तरी पुरुषांच्या रांगेत उभी राहिली की रांगेला तिथे खळगा पडायचा.

प्रत्येक नव्या नाटकाला एक संध्याकाळ धाकट्यांची असते. त्या दिवशी थोरल्या बाजूला होतात आणि मंडळीत सात वर्षांपर्यंत झालेल्या मुली तेच अख्खं नाटक, त्याच देखाव्यात, थोरल्यांचेच कपडे टाचून घालून उभं करतात. एकच प्रयोग. तिथे नायक झालात तर पुढे तुमचं नाव होतं, आणि सातवं वर्ष सरलं की ते दार बंद. तोमाचं हे सातवं होतं.

मिओचंही सातवंच. मिओ म्हणजे तोमाची वर्गमैत्रीण, स्त्रीपार्टी, गोल चेहऱ्याची आणि तिखट जिभेची. शाळेत असताना वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता दोघींनी ठरवून टाकलं होतं की एक तरी धाकट्यांचा प्रयोग आपण नायक-नायिका म्हणून करायचाच. आता तोमा नायिका झाली होती आणि मिओच्या वाट्याला आली होती खाणावळवाली. एक गाणं, आणि हातात रश्शाचं तबक.

"अभिनंदन," मिओ बाहेर आल्यावर म्हणाली.

"थट्टा करतेस?"

"मग काय सांत्वन करू? नायिका झालीस, मेली नाहीस."

पण तोमाचं दुखणं वेगळं होतं, आणि ते मिओलाही ठाऊक होतं. मूळ प्रयोगात कार्लोत्ता करायची शिओन-सान, ही ताडमाड पुरुषपार्टी. अशी दणकट बाई उभी करायला एखाद्या पुरुषपार्टीला झगा चढवायचा, हा आमच्याकडचा जुनाच रिवाज. शिओन-सानला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं, नाटक संपलं की ती पुन्हा पुरुष. तोमाचं तसं नव्हतं. प्रोड्यूसर कुरोदा-सान गेले वर्षभर तिच्याकडे शिंप्याच्या नजरेनं बघत होते. मंडळीत कुजबुज होती की तोमाला कायमची स्त्रीपार्टीत टाकणार. आणि त्याच दिवशी दुपारी जिन्यात गाठून ते बोललेच, "त्या संध्याकाळी बघू, तू इकडची की तिकडची. पुरुषाला उंची लागते, पोरी. त्याला माझा इलाज नाही."

म्हणजे झाली का पंचाईत. काम उत्तम केलं तर जन्माची बाई, आणि वाईट केलं तर जन्माची नाचक्की.

रिवाजाप्रमाणे तोमा मूळ काम करणारीकडे शिकायला गेली. संध्याकाळचे सहा वाजले होते, तरी तिनं पडद्याबाहेर वाकून "शुभ सकाळ" म्हटलं, कारण आमच्याकडे दिवसभर सकाळच असते. शिओन-सान आरशापुढे उशीवर बसून अंड्याचं सँडविच खात होती.

"गाणी शिकवीन," ती म्हणाली, "रागावायचं कसं तेही शिकवीन. पण प्रेमात पडायचं मला विचारू नकोस. माझा नायक मुळात माझ्याहून उंच आहे, मला काही करावंच लागत नाही. इत्सू केवढी आहे?"

"माझ्याएवढीच."

"मग तुला खरीखुरी स्त्रीपार्टी गाठायला हवी. तुझी ती मिओ आहे ना, तिला विचार. आख्ख्या धाकट्यांत तिच्यासारखी बाई नाही."

हे ऐकून तोमाला कानकोंडं झालं. जिच्या तोंडचा घास आपल्या ताटात पडलाय, तिलाच जाऊन विचारायचं की बाई गं, हा चावायचा कसा. पण मिओनं आढेवेढे घेतले नाहीत. तालमीचा लांब झगा तिच्या अंगावर फेकला आणि म्हणाली, "चाल."

तोमा चालली. मिओनं कपाळाला हात लावला.

"तू जहाज विकत घ्यायला निघालीस की बुडवायला?"

पहिले दिवस नुसता तमाशा झाला. नाचाच्या सुरुवातीला नायकानं हात पुढे करायचा तर दोघींचे हात पुढे. पाऊलही दोघींचं डावंच, त्यामुळे अंगठे चेचले. मार्को गुडघ्यावर बसून मागणी घालतो त्या जागी कार्लोत्ताही सवयीनं गुडघ्यावर बसली, आणि दोघी समोरासमोर बसून, आता काय करायचं, अशा बघत राहिल्या. झग्याला खिसा नसतो हे तोमाला पटेना. अराई-सेन्सेई हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बाकी राहिल्या. इत्सू बिचारी दर चुकीला "माफ करा, तोमा-सान, माझंच चुकलं" म्हणत वाकायची, जिचं चुकलं नव्हतं ती.

मिओ मात्र हसली नाही. सगळ्या गेल्यावर ती तोमाला रिकाम्या दालनात आरशासमोर घेऊन उभी राहिली.

"आता तू पुरुष हो. तुझा नेहमीचा. आणि आरशात बघ."

तोमा उभी राहिली. मिओ शेजारी आली. मग तिनं काय केलं ते पटकन कळलंही नाही. अर्धं पाऊल मागे सरली, झग्याच्या आत गुडघे वाकवले, खांदे पाठीमागे ओढून खाली सोडले, मान लांब केली आणि खालून वर तोमाकडे बघितलं. आरशात एक उंचापुरा गडी उभा होता. तोमानं वळून मागे बघितलं नाही एवढंच.

"दिसलं?" मिओ तशीच वाकलेली राहून म्हणाली. "तुम्ही पुरुष म्हणता, आम्ही उंच. उंच कसले डोंबलाचे. आमच्या मांड्या भरून येतात तेव्हा तुम्ही उंच होता. अख्खं नाटक आम्ही असे गुडघे मोडून गातो, आणि तोंडावर हसू. झग्यात दिसत नाही म्हणून कुणाला पत्ता नाही."

"सात वर्षं मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुमचा ताठा उतरला असता. मग काय उपयोग."

तोमा शिकली. मन लावून शिकली, कारण कामात चुकारपणा तिच्या रक्तात नव्हता. आठवड्याभरात तिचा हात पुढे यायचा थांबला. दुसऱ्या आठवड्यात ती मान वळवायला लागली तशी शिवणखोलीतल्या बायका सुई थांबवून बघायला लागल्या. आणि तिथेच घोटाळा झाला. एका तालमीला कुरोदा-सान मागे येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, आणि जाताना अराई-सेन्सेईंना म्हणाले, "छान जमतंय की हिला."

त्या दिवसापासून तिनं गुडघे वाकवायचे बंद केले.

बाकी सगळं चोख. गाणं चोख, संवाद चोख, मान, बोटं, सगळं जागच्या जागी. फक्त झग्याच्या आत ती सरळ उभी राहायची. कुणाला ते दिसलं नाही. दिसलं एवढंच, की इत्सू बुटकी वाटायला लागली. अराई-सेन्सेई तिलाच ओरडायच्या, "छाती काढ, मान वर कर, नायक आहेस की निरोप्या?" इत्सू छाती काढायची, आणखी आखडायची. एक दिवस तोमानं तिला चपलांच्या कपाटामागे बसलेलं पाहिलं. पोरगी बुटात चौथी पट्टी कोंबत होती आणि नाक पुसत होती. तोमा मागच्या मागे तिथून वळली.

मिओ मात्र विंगेत उभी असायची, हातात रश्शाचं तबक घेऊन. झग्याच्या घेराखाली काय चाललंय हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार? कपडेपटात, लटकलेल्या कोटांच्या रांगेत, तिनं तोमाला गाठलं.

"गुडघे दुखतायत का तुझे?"

"नाही."

"मग वाकत का नाहीस?"

तोमा एका कोटाची बटणं लावत राहिली.

"मला कारण माहीत आहे," मिओ म्हणाली. "कुरोदा-साननी बघू नये म्हणून. पण त्यात ती इत्सू चेचली जातेय. नायक म्हणून तिचा पहिला प्रयोग आहे आणि तू तिला लहान करतेयस."

"माझी सात वर्षं जातील, मिओ. मला बाई नाही व्हायचं. त्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. मला येतं ते हे आहे, मला आवडतं ते हे आहे. हे काढून घेतलं तर मी काय करू?"

"आणि माझी?" मिओचा आवाज चढला नाही, पण कोटाची बाही तिनं अशी धरली होती की टाका उसवायचा. "ते काम माझं होतं. अराई-सेन्सेईंनी तुझं नाव घेतलं त्या दिवशी मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर बर्फ लावला आणि तुला शिकवायला आले. मला जे कधी करायला मिळणार नाही ते मी तुझ्या अंगात घातलं, निदान तिथून तरी ते लोकांना दिसेल म्हणून. आणि तू ते झग्याखाली दडवतेस. काम नको होतं तर त्याच दिवशी नाही म्हणायचं होतंस. घेऊन त्याची माती करू नकोस."

एवढं बोलून ती निघून गेली, आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत तोमाशी चकार शब्द बोलली नाही. तोमाला लाज वाटली. भीती गेली असं नाही, पण भीतीपेक्षा लाज मोठी निघाली.

प्रयोगाच्या दिवशी रंगपटात नुसती झुंबड. पावडरीचा धूर, विगांच्या पेट्या, थोरल्यांनी पाठवलेली फुलं, कुणी भाताचे गोळे खातंय, कुणी भिंतीकडे तोंड करून स्वर लावतंय. आमच्याकडे रंगभूषा जिची तिनं करायची. तोमा आरशापुढे बसली. मन ठिकाणावर नव्हतं, हात आपापले चालले होते. भुवया झाल्या, नाकाच्या कडा झाल्या. मग तिनं मान तिरपी करून बघितलं, आणि शेजारच्या मुलीच्या हातातला भाताचा गोळा गळून पडला.

कार्लोत्ताला कल्ले आले होते. कानापासून गालापर्यंत, झकास, काळेभोर, सात वर्षांच्या सरावानं काढलेले.

"पुसा, पुसा," सगळीकडून कल्ला. पण आमचा तो काळा रंग पुसला तर गालभर पसरतो, आणि मग पहिल्यापासून सगळं धुऊन काढावं लागतं. तेवढा वेळ कुठे होता? पहिली घंटा झालीच होती. तोमा हातात कापूस घेऊन दगडासारखी बसली.

गर्दीतून खाणावळवालीच्या एप्रनमध्ये मिओ आली. तिनं तोमाची हनुवटी धरून डावीउजवीकडे फिरवली.

"सुंदर आहेत," ती म्हणाली. "पण बाईला शोभत नाहीत. हलू नकोस." स्त्रीपार्टीवाल्या आपले गजरे, काटे, बटा सगळं स्वतः बनवतात. मिओनं स्वतःच्या डब्यातून दोन कुरळ्या बटा काढल्या, सुईदोऱ्यानं विगाला टाचल्या आणि कल्ल्यांवर सोडल्या. दोरा दातांनी तोडताना तिचं तोंड तोमाच्या कानाशी आलं.

"वाकशील ना?"

"वाकेन," तोमा म्हणाली.

आणि ती वाकली. पहिल्या प्रवेशात मार्को जहाजावरून उतरून तिच्यासमोर आला तेव्हा तिनं अर्धं पाऊल मागे घेतलं, झग्यात गुडघे मोडले आणि खालून वर त्याच्याकडे बघितलं. इत्सूला ते जाणवलं. तिला काय झालं हे कळलं नाही, पण पोरगी एका श्वासात सुटी झाली. आवाज खाली उतरला, खांदे पसरले. मागच्या खुर्च्यांतून "वा" असा उसासा आला. नाचात मधेच इत्सूचं पाऊल चुकलं, डोळे पांढरे व्हायला आले. तोमानं तिच्या तळहातात बोटानं हलकंसं दाबलं आणि स्वतः फिरवली गेल्यासारखी फिरली. प्रेक्षकांना वाटलं, काय सफाईनं फिरवलं यानं तिला. जिन्यावरच्या शेवटच्या प्रवेशापर्यंत तोमाच्या मांड्या थरथरत होत्या, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि तोंडावर हसू होतं. तेव्हा तिला मिओच्या सात वर्षांचं वजन कळलं.

पडदा पडला. इत्सू तिच्या गळ्यात पडून इतकी रडली की झग्याच्या खांद्यावर भुवई उमटली. मग गर्दी बाजूला झाली आणि कुरोदा-सान आले.

"इत्सू, आज केवढी दिसत होतीस," ते म्हणाले. "बुटात काय घातलंयस, म्हणून मी पुढे सरकून बघत होतो." मग तोमाकडे वळले. "आणि ते बुटातलं नव्हतं, हे मला दुसऱ्या अंकात कळलं. तोमा, तू बाई आहेस. उद्या मी कचेरीत सांगतो."

रंगपटाबाहेरच्या बोळात सगळ्यांच्या माना तोमाकडे वळल्या. तोमा कमरेत वाकली, झग्याच्या घेरामुळे जेमतेम.

"कुरोदा-सान, आभारी आहे. पण ते माझं नव्हतं, मिओचं होतं. मी फक्त पाठ केलं. मला पुरुषच राहायचंय. तुम्ही म्हणालात पुरुषाला उंची लागते. ती कुठून येते, ते तुम्ही आज पाहिलंत. मिओला माझ्या शेजारी उभी करा, आणि मग मला मोजा."

"आणि तरी कमी पडलीस तर?"

"तर मी आपल्या पायांनी शिवणखोलीत जाऊन झगे मागून आणेन."

कुरोदा-साननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुठे आहे ती? बोलवा."

"आत्ता?" कुणीतरी म्हणालं.

"आत्ता. उद्या मला आठवायचं नाही."

मिओ आली, एप्रन तसाच, हातात रिकामं तबक. तिनं एकदा तोमाकडे बघितलं. तोमानं विग उतरवून ठेवला, बटांसकट, तेव्हा खालून तिचे कानावरचे आखूड केस आणि गालांवरचे काळेभोर कल्ले निघाले. गळ्याखाली मात्र रेशमी झगा, झालर, गुलाबाचं फूल. दोनचार पोरींनी हसू दाबलं. तिला खिसा सापडेना, म्हणून तिनं एक हात नुसताच कमरेवर ठेवला आणि उभी राहिली.

मिओनं तबक कुणाच्यातरी हातात दिलं. अर्धं पाऊल मागे आली. खांदे सोडले, मान लांब केली आणि वर बघितलं.

ज्या हसत होत्या त्या थांबल्या. बोळात, उघड्या दिव्याखाली, फुलाफुलांच्या झग्यात एक उंच, देखणा पुरुष उभा होता, आणि त्याच्यापेक्षा उंच माणूस त्या इमारतीत नव्हता. कुरोदा-सानना स्वतःला मान किंचित वर करावी लागली.

तोमा श्वास रोखून उभी होती. हलायची तिला भीती वाटत होती.

"वसंतातल्या छोट्या नाटकाला मी नायक शोधतोय," अखेर कुरोदा-सान म्हणाले, जणू स्वतःशीच. "नायिकाही मिळालेली नाही अजून. म्हणजे दोघींची मापं एकदमच…" आणि ते पुन्हा विचारात पडले, हनुवटी खाजवत.

"त्यांना म्हणावं लवकर बोला," मिओ ओठ न हलवता पुटपुटली, डोळे तसेच वर, प्रेमानं ओथंबलेले. "माझे गुडघे मोडतायत."